वाचकांचे प्रश्न : फाउंडेशन पापणीवर लावावे का?

प्रश्न : माझे डोळे मुळातच नाजूक आहेत, जरा धूळ गेली तरी चुरचुरतात. काळी वर्तुळे झाकण्यासाठी मी चेहऱ्याचेच फाउंडेशन डोळ्यांखाली आणि पापण्यांवरही लावते. लावताना त्रास होत नाही, पण दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहू लागते. बाटलीवर तर ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (म्हणजे अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता कमी) असे छापलेले आहे. हे फाउंडेशन डोळ्यांजवळ वापरणे सुरक्षित आहे का?

उत्तर : डोळ्यांखालच्या हाडापर्यंत लावलेले फाउंडेशन बहुतेकांना सोसते, पण पापणीवर, आणि विशेषतः पापणीच्या कडेवर, आपण ते लावू नये.

आपल्या पत्रातील ‘दुपारपर्यंत’ हा तपशील महत्त्वाचा आहे. घाम आणि त्वचेवरचे तेल यांमुळे फाउंडेशन सुटू लागते आणि डोळ्यांच्या उघडझापीबरोबर हळूहळू आत उतरते. पापणीच्या कडेवर, केसांच्या मुळांलगत, तेलग्रंथींची बारीक तोंडे ओळीने असतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरून त्यांना उडून जाऊ देत नाही. त्या थरात रंगाची भुकटी आणि मेण मिसळले की तो फाटतो, डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो आणि त्या कोरडेपणाला उत्तर म्हणूनच डोळ्यांतून पाणी वाहू लागते. शिवाय पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असल्याने गालाला जे बिनतक्रार चालते, ते तिला चालेलच असे नाही.

बाटलीवर ‘एसपीएफ’ (उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा) लिहिले आहे का, तेही पाहावे. अ‍ॅव्होबेन्झोनसारखी सनस्क्रीनमधील रासायनिक द्रव्ये डोळ्यांत उतरली की चांगलीच झोंबतात. त्या मानाने झिंक ऑक्साइड पुष्कळ सौम्य असते. सुगंधी द्रव्ये आणि काही परिरक्षके (प्रसाधन खराब होऊ नये म्हणून घातलेली द्रव्ये) यांच्यावरही संशय घ्यायला जागा आहे. लिपस्टिक किंवा ब्लश आयशॅडो म्हणून वापरण्याची हौस मात्र सरळ सोडून द्यावी. अमेरिकेत डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांतील रंगांना स्वतंत्र मान्यता लागते आणि ओठ-गालांसाठी मान्य असलेले काही लाल रंग त्या यादीत नाहीत. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दाला तर तिथे कायद्याने ठरवलेली व्याख्याच नाही, त्यामुळे त्यावर विसंबण्यापेक्षा मागच्या बाजूची घटकांची बारीक अक्षरे वाचलेली बरी.

लावल्यावर लगेच आग होणे हा बहुधा क्षोभ, म्हणजे अ‍ॅलर्जीविना होणारी नुसती जळजळ, असतो. एक ते तीन दिवसांनी पापणी खाजून सुजली, तिला खवले धरले, तर अ‍ॅलर्जीची शक्यता अधिक. अशा वेळी नखांकडेही पाहावे, कारण बोटे डोळ्यांना लागत असतात आणि नेलपॉलिशची अ‍ॅलर्जी बोटांवर न दिसता पापणीवर उमटल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना चांगली परिचित आहेत.

सध्या डोळ्यांभोवती काहीही लावू नये. डोळे पूर्ववत झाल्यावर डोळ्यांसाठीच बनवलेले, सुगंधविरहित एकच प्रसाधन निवडून ते कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावे, आणि काही झाले नाही तरच पापणीपर्यंत न्यावे. रात्री ते न चुकता, न चोळता उतरवावे. दुखणे, प्रकाश सहन न होणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवले, तर प्रयोग थांबवून नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स आधी घालावी की मेकअप आधी करावा?

उत्तर : हात धुऊन लेन्स आधी घालावी, म्हणजे बोटांवरचे क्रीम तिला लागत नाही. उतरवतानाही लेन्स आधी आणि मेकअप नंतर. चमकीचे आयशॅडो लेन्स वापरणाऱ्यांनी टाळावे, कारण तिचा कण लेन्सखाली अडकला तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा, मग तो अर्धा शिल्लक का असेना.