वाचकांचे प्रश्न : पुन्हा मैदानात उतरावे का?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका तालीम मंडळाच्या फुटबॉल संघातून चौदा वर्षे आघाडीला खेळलो आणि माझ्या गोलांमुळे पेठेत माझे नाव झाले. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ३६ व्या वर्षी, हॅमस्ट्रिंगचे (मांडीमागच्या स्नायूंचे) दुखणे वारंवार उलटू लागल्यामुळे आणि बँकेतील कामाचा व्याप वाढल्यामुळे मी खेळणे थांबवले. आता वजन ९ किलोंनी वाढले आहे. मात्र रोज पहाटे रंकाळ्यावर चालणे-पळणे होते. यंदा संघ कमकुवत असल्यामुळे मंडळाचे कार्यकर्ते एक हंगाम तरी खेळावे म्हणून घरी येऊन बसतात आणि ‘सुनील छेत्री चाळिशीत परत आला, मग तुला काय झाले?’ असे विचारतात. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला माझा एकही सामना आठवत नाही, हेही मनात आहे. मी काय करावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : भारतीय फुटबॉल संघाचा दीर्घकाळ कर्णधार राहिलेल्या छेत्रीची गोष्ट कार्यकर्त्यांनी तुम्हाला अर्धीच सांगितली आहे. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशी पूर्ण झालेली असताना, शिलाँगला मालदीवविरुद्ध परत येऊन त्याने गोलही केला, हे खरे आहे. परंतु मधल्या काळात तो बेंगळुरूच्या संघातून पूर्ण हंगाम खेळत होता आणि इंडियन सुपर लीग या देशातील व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेच्या त्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा भारतीय खेळाडू तोच होता. त्याचा सराव सुटलेला नव्हता. तुमचा तीन वर्षे सुटला आहे. शिवाय मालदीवनंतर सहाच दिवसांनी बांगलादेशाशी सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि पुढे भारताला २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रताही गाठता आली नाही. संघाची दुबळी बाजू एका अनुभवी खेळाडूने झाकली जात नाही, हे तुमच्या कार्यकर्त्यांनाही ऐकवावे.

आता शरीराविषयी. चेंडू कुठे पडणार आणि बचावपटू कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे, हे ओळखण्याची नजर तीन वर्षांत जात नाही. जाते ती पहिल्या चार पावलांची उसळी, कारण वय वाढताना स्नायूंतील वेगवान तंतू आधी बारीक होतात. रंकाळ्यावरच्या एका लयीतल्या पळण्याने दम टिकतो, पण ही उसळी परत येत नाही. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. सराव पुन्हा सुरू केल्यावर स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, मात्र स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना तेवढाच ताण पेलण्यासाठी काही महिने लागतात. म्हणजे पायात जोर आल्यासारखे वाटते त्याच सुमारास घोट्यामागची कंडरा दगा देण्याची शक्यता असते. हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत तर पूर्वीची दुखापत हेच नव्या दुखापतीचे सर्वांत मोठे कारण मानले जाते.

म्हणून हंगामाच्या तोंडावर होकार देऊ नका. किमान चार महिने हाताशी असतील तरच विचार करा, आणि त्याआधी हृदयाची तपासणी, शक्यतो ट्रेडमिलवरची, करून घ्या. गुडघ्यांवर उभे राहून, घोटे जोडीदाराला घट्ट धरायला सांगून, धड सरळ ठेवत सावकाश पुढे झुकण्याचा जो व्यायाम आहे तो आठवड्यातून दोनदा करा. हॅमस्ट्रिंगसाठी त्याच्याइतका खात्रीचा उपाय क्वचितच सापडेल. (आपल्या तालमींतल्या बैठकांचा मला अभिमान आहे, पण त्यांचा भर मुख्यतः मांडीच्या पुढच्या भागावर पडतो.) तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ३० मीटरच्या दहा जोरकस धावा, प्रत्येकीनंतर अर्ध्या मिनिटाची विश्रांती घेऊन, करून पाहा. पहिल्या आणि दहाव्या धावेच्या वेळेत फार अंतर पडत असेल, किंवा तिसऱ्या दिवशी सकाळीही जिना उतरताना मांडी आखडत असेल, तर निर्णय शरीरानेच दिला आहे असे समजावे.

या कसोटीला उतरलात तर अवश्य खेळा, पण पूर्ण सामना नव्हे. कॅमेरूनचा रॉजे मिला १९९० च्या विश्वचषकासाठी राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहावरून राष्ट्रीय संघात परतला तेव्हा ३८ वर्षांचा होता. रुमानियाविरुद्ध दोन आणि कोलंबियाविरुद्ध जादा वेळेत दोन, असे चार गोल त्याने केले. हे चारही गोल त्याने बदली खेळाडू म्हणून उतरून केले होते. बचावपटू थकलेले असताना ताज्या पायांनी आणि जुन्या नजरेने खेळलेली ती मिनिटे होती. शाहू स्टेडियमवर उन्हात कडक झालेल्या मैदानात, दुपारच्या सामन्याची शेवटची वीस-पंचवीस मिनिटे, एवढीच भूमिका तुम्ही मागून घ्यावी. पहिल्या मिनिटापासून हवे असाल तरच बोलावतो, असे मंडळ म्हणाले, तर त्यांना तुमचा खेळ नव्हे, तुमच्या नावाने भरणारी गॅलरी हवी आहे, असे मी मानेन. पेठापेठांतल्या ईर्षेने आपला फुटबॉल जिवंत ठेवला हे मान्य केले, तरी त्या ईर्षेपोटी फाटलेला स्नायू सांभाळत बँकेत जाण्याची वेळ तुमच्यावरच येणार आहे. मुलाने बघावे म्हणून उतरणे, हे कारण मला यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, आणि त्याच्यासाठी वीस मिनिटे पुरेशी आहेत.

एका माणसाचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तुम्ही थांबल्यापासून तुमच्या जागेवर जो मुलगा खेळतो, त्याच्याशी आधी बोला. आपण त्याची जागा घ्यायला नव्हे, तो दमल्यावर उतरायला येतो आहोत, हे त्याला तुमच्याच तोंडून आणि सरावाच्या पहिल्याच आठवड्यात कळले पाहिजे; कट्ट्यावरून ते त्याच्यापर्यंत पोहोचले, तर त्याचा अर्थ वेगळाच लागलेला असेल.