वाचकांचे प्रश्न : इंग्रजीच्या तासाला बातम्या कशाला?

प्रश्न : मुलीचे इंग्रजीचे शिक्षक तासाला स्वतःचे अनुभव आणि ताज्या बातम्या सांगतात. अभ्यासक्रम मागे पडणार नाही का?

उत्तर : काळजी रास्त आहे, तरीही हा वेळ वाया जातो असे मला वाटत नाही, कारण मनात सांगण्यासारखे काही असले तरच परकी भाषा जिभेवर रुळते. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. ही बातमी इंग्रजीत वाचून शिक्षकांनी आपल्या रायगडच्या चढाईविषयी चार वाक्ये सांगितली, की मुलेही आपापल्या सहलींविषयी बोलू लागतात आणि भूतकाळाची क्रियापदे ओघानेच येतात. राजकीय बातमीवरचे स्वतःचे मत मात्र शिक्षकांनी वर्गावर लादू नये. या गप्पांवरचे लेखन मुलीच्या वहीत दिसत नसेल, तर शिक्षकांना अवश्य भेटा.