वाचकांचे प्रश्न : फडावरची मुलं, एकटी बाई आणि गटाची वही

या वेळच्या टपालात मंडळं, बचत गट आणि छोट्या संस्थांचीच पत्रं जास्त होती. सातारा-सांगलीतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

आमचं तरुण मंडळ दरवर्षी थंडीत ऊसतोड कामगारांच्या तळावर ब्लँकेटं वाटतं. वाटून झालं की आमचा संबंध संपतो. मुलं मात्र दिवसभर कोप्यांजवळ, म्हणजे त्यांच्या झोपड्यांजवळ, हिंडताना दिसतात. त्यांच्यासाठी नेमकं काय करता येईल?
— मंडळाचा कार्यकर्ता, ता. वाळवा

ब्लँकेटं जरूर द्या, पण त्याआधी वही घेऊन जा. टोळ्या उतरल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच जायला हवं. जानेवारीत केलेली यादी त्या हंगामाला उपयोगी पडत नाही, कारण दोन-तीन महिन्यांत पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, आणि टोळ्या गावी निघतात. दिवसा तळावर कोणी भेटत नाही, म्हणून संध्याकाळी सातनंतर जा. टोळी आणणाऱ्या मुकादमाला आधी सांगून जा. उचलीच्या (आगाऊ दिलेल्या पैशांच्या) वसुलीला किंवा माणसं पळवायला कोणी आलंय असं त्याला वाटलं, तर तो कोणाला बोलू देत नाही.

प्रत्येक कोपीमागे एक पान ठेवा. त्यावर मूळ गाव, तालुका आणि जिल्हा लिहा. मुलांची नावं, वयं, गावाकडची शाळा आणि इयत्ता लिहा. बाराअंकी रेशनकार्ड क्रमांक, बाळाचं लसीकरण कार्ड आहे की नाही, कोणी गरोदर आहे का, हेही नोंदवा. टोळ्या फक्त बीड-जालन्याच्या असतात असं धरून चालू नका. जत, आटपाडी, माण, खटाव इथलीही कुटुंबं तळावर असतात.

शाळेसाठी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं. दाखला यायला उशीर होतोय किंवा जन्माचा पुरावा नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्यात आला हेही कारण चालत नाही. मूळ शाळेने 'शिक्षण हमी कार्ड' दिलं असेल तर काम सोपं होतं. नसेल तर त्या मुख्याध्यापकांना फोन करून मुलाची नोंद मागवा. मुलाला नव्याने पहिलीत घालू नका, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. त्याने एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात, मार्चमध्ये गावी गेल्यावर मूळ शाळेत नाव अडकतं आणि पुढचं वर्षही हातचं जातं.

आता मुख्य अडचण. शाळेत नाव घातलं तरी आठ-दहा वर्षांच्या मुली येत नाहीत, याचं कारण शाळेत नसून कोपीत असतं. आईबाप पहाटे फडावर जातात आणि धाकटं भावंड तिच्या कडेवर राहतं. म्हणून पाळणाघर आधी, शाळा नंतर. पाळणाघर पहाटेपासून चालायला हवं, कारण अंगणवाडी उघडेपर्यंत चार-पाच तास जातात. त्यासाठी सावलीची जागा, झाकलेलं पिण्याचं पाणी, चटया, झोळ्या आणि प्रथमोपचाराची पेटी लागते. वीसेक मुलांमागे दोन बायका हव्यात. तीन वर्षांखालची पाच-सहा बाळं असतील तर तिसरी फक्त त्यांच्यासाठी ठेवा. टोळीतलीच एखादी बाळंतीण किंवा वयस्क बाई मिळाली तर मुलं लवकर रुळतात. मात्र तिची मजुरी बुडते, ती मंडळाने द्यायची. ब्लँकेटांच्या खर्चातला मोठा वाटा इकडे वळवा. अंगणवाडी सेविकेला यादी दिली की ती स्थलांतरित लाभार्थी म्हणून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अॅपमध्ये नाव घेते आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहार मिळतो.

लसीची यादी 'आशा' ताईंकडे द्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस स्थलांतरातच राहून जाते. कार्ड हरवलं असेल तरी झालेले डोस धरूनच पुढे जायचं असतं, पहिल्यापासून सुरुवात नसते. आई घाबरून नको म्हणते तेव्हा हे तिला नीट सांगा.

रेशन आता राज्यात कुठल्याही रास्त भाव दुकानात उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. तरी माणसं रिकाम्या हाती परततात, याची तीन कारणं असतात. पहिलं म्हणजे ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलेलं असतं. दुसरं, कोयता धरून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीनवर अंगठा लागत नाही. अशा वेळी डोळ्याचं स्कॅन किंवा ओटीपीची सोय दुकानदाराला करायला सांगा. तिसरं कारण कोणाच्या लक्षात येत नाही. गावाकडे राहिलेल्या आजीने त्या महिन्याचं सगळं धान्य उचललेलं असतं. धान्य थोडं तिथे, थोडं इथे असंही उचलता येतं, पण घरच्यांनी आधी फोनवर वाटणी ठरवायला हवी. दुकानदार नाही म्हणाला तर तिथूनच १९६७ किंवा १४४४५ ला फोन लावा.

आणि एक. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर तळावर वेगळी 'यांची शाळा' काढू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्याच जिल्ह्यांत शंभर वर्षांनी आपण पोरांना वेगळ्या शेडमध्ये बसवणं बरोबर नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंना नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं. घटस्फोट नाही, पोटगी नाही, दोन मुलं आहेत. संजय गांधी योजनेचा अर्ज एकदा फेटाळला गेला. भावाच्या उत्पन्नामुळे नाही म्हणाले. त्यांचं माहेर विजापूरकडचं होतं, नंतर आईवडील इकडे आले. काय करावं?
— बचत गटाच्या सचिव, ता. जत

अर्ज फेटाळण्याचं मूळ रेशनकार्डात आहे. ताईंचं नाव भावाच्या कार्डात असेल, तर भावाचं उत्पन्न तेच त्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न धरलं जातं आणि २१,००० रुपयांची वार्षिक मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पहिलं काम विभक्त रेशनकार्डाचं. एकट्या बाईला स्वतःचं कार्ड मिळावं ही मागणी सांगली जिल्ह्याला नवी नाही. इंदुताई पाटणकर आणि स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न याच भागात लावून धरला होता.

नाव अजून सासरच्याच कार्डात अडकलेलं असू शकतं. आधार क्रमांकावरून ते कुठल्या कार्डात आहे हे तहसीलच्या पुरवठा शाखेत कळतं. सासरचे दाखला देत नाहीत म्हणून थांबू नका. तसं लिहून तहसीलदारांकडेच नाव कमी करण्याचा अर्ज द्या. त्याची पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का हवा. तोंडी 'बघतो' म्हणणं अर्जात धरलं जात नाही.

कार्ड झालं की ताई आणि मुलं एवढ्याच कुटुंबाचा उत्पन्नाचा दाखला काढा. राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावाही लागतो, आणि कर्नाटकच्या हद्दीवरच्या गावांत अर्ज इथेच अडतात. लग्नानंतरची मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले, जुनं रेशनकार्ड असं वर्षांच्या ओळीने लावून द्या, मधे मोठी फट पडू देऊ नका. तलाठ्याची चौकशी होईल तेव्हा ताई घरी असाव्यात आणि शेजारचे दोघं सांगायला असावेत की त्या एकट्या राहतात, नवरा येत नाही. अर्जात 'विवाहित' एवढंच लिहिलं तर तो पुन्हा परत येईल. 'परित्यक्ता' असं स्पष्ट लिहा.

मंजुरीनंतर महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यावर येतात. इथे बँकेत आधार 'जोडलेलं' असणं पुरत नाही, ते खातं सरकारी पैसे येण्यासाठी आधारला सीड केलेलं असावं लागतं. सिमकार्ड घेताना कोणी मोबाइलवर एखादं खातं उघडून दिलेलं असतं आणि पैसे वर्षभर तिकडे पडून राहतात. तेही एकदा तपासा. दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका. लाडकी बहीण योजनेचे पैसे आणि हे पैसे दोन्ही मिळत नाहीत. आधीच ते मिळत असतील तर तहसीलमध्ये विचारूनच पुढचं पाऊल टाका.

मुलांसाठी वेगळा मार्ग आहे, आणि तो फार कमी जण धरतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत प्रत्येक पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज सांगलीत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा आणि निर्णय बाल कल्याण समिती देते. शाळेचा बोनाफाइड दाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि आईसोबतचा मुलाचा फोटो न्या. समितीपुढे आई आणि मूल दोघांनाही जावं लागतं, आणि जतहून सांगली म्हणजे अख्खा दिवस आणि एक मजुरी. म्हणून चार-पाच अर्ज एकत्र करून गटाने एकाच दिवशी गाडी करावी. पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं समजून उधारी करू देऊ नका, ते थकून एकदम येतात. नूतनीकरणाची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. मंजूर झालेली प्रकरणं तिथेच बंद पडतात.

पोटगीसाठी तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. घटस्फोट घेतलेला नसतानाही पोटगी मागता येते.

आमच्या गटात महिन्याला २०० रुपये बचत आहे. दोन बायका तीन-तीन महिने भरत नाहीत, त्यातली एक मेंढरं घेऊन बाहेर असते. बाकीच्या म्हणतात काढून टाका, नाहीतर गटाची प्रतवारी घसरेल. काढावं का?
— अध्यक्ष, महिला बचत गट, ता. माण

काढू नका. ज्यांच्यासाठी गट असतो त्याच पहिल्या बाहेर पडू लागल्या, तर बचतीचा आकडा चुकीचा ठरला आहे. तो गटातल्या सगळ्यात गरीब बाईच्या हातात आठवड्याला काय उरतं यावर ठरवायचा. आठवड्याला २० रुपये धरले तरी दहा जणींचे वर्षाला १०,४०० होतात आणि ते अंतर्गत कर्जातून फिरत राहतात. ज्यांना जास्त ठेवायचं त्यांनी 'ऐच्छिक बचत' म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवावं, नेहमीच्या बचतीत मिसळू नये.

मेंढरांमागे जाणाऱ्या ताईंसाठी ठराव करा. जाण्याआधी चार महिन्यांचं आगाऊ भरावं किंवा परत आल्यावर हप्त्याने द्यावं, दंड नाही. ठराव इतिवृत्तात लिहिलेला असला की प्रतवारीला आलेल्या समुदाय संसाधन व्यक्तीला, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्तीला, दाखवता येतो. 'उमेद'मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, फिरता निधी ३०,००० रुपये मिळतो, त्यासाठी पंचसूत्री पाळली जाते का हे बघतात : नियमित बैठक, बचत, कर्जव्यवहार, परतफेड आणि हिशेब. ठरावानुसार दिलेली सवलत हीसुद्धा नियमितताच आहे.

तुमच्या पत्रातून एक गोष्ट जाणवली, वही एकटीच्याच हातात आहे. दर बैठकीला रोकडवही मोठ्याने वाचून दाखवा. पाच हजार रुपये कर्जावर महिना दोन टक्के म्हणजे शंभर रुपये, हे लिहिता न येणाऱ्या बाईलाही तोंडी करता येतं. तुमच्याच तालुक्यात, म्हसवडला, १९९७ मध्ये महिलांची माणदेशी बँक उभी राहिली. बायका निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला होता, तेव्हा त्या म्हणाल्या की आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. त्यांना परवाना मिळाला.

वाटपाचे फोटो टाकले नाहीत तर देणगीदार हात आखडता घेतात. मुलांचे चेहरे दाखवावेत का?
— संस्थेचे विश्वस्त, कराड

नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, म्हणजे बाल कल्याण समितीपुढे गेलेल्या मुलाची ओळख कुठल्याही प्रकारे उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. बाकीच्या मुलांनाही वर्गात 'तुला फुकट दप्तर मिळालं' हे ऐकावं लागतं. देणगीदाराला अर्ज किती केले, मंजूर किती झाले, अडले किती आणि कशामुळे, याचा एक पानी तक्ता पाठवा. 'अडले' हा रकाना रिकामा ठेवू नका, देणगीदाराचा विश्वास त्यावरच बसतो.

आम्ही आठ जण दोन वर्षं वस्तीत कागदपत्रांचं काम करतो. संस्था नोंदवावी का?
— मिरज

दोन वर्षं टिकलात, आता नोंदवा. किमान सात सदस्य लागतात. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. घटना, ठराव, संमतीपत्रं आणि कार्यालयाच्या जागेचा पुरावा जागामालकाच्या ना-हरकतीसह जोडा. तोवर वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळं घेतात तीच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी तुम्हालाही लागते.

संस्था नोंदणीत क्वचित अडकतात, नंतर अडकतात. विश्वस्त बदलला किंवा वारला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की कागदावर जुनीच माणसं राहतात, बँक सह्या मानत नाही आणि आलेलं अनुदान पडून राहतं. हिशेबाचं लेखापरीक्षण दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत दाखल करा. ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी) घेतलंत तर देणगीदाराला सांगा की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. घटना लिहिताना दुसऱ्या संस्थेची उतरवून काढू नका. त्यात उद्देश म्हणून गोशाळेपासून महाविद्यालयापर्यंत सगळं असतं, आणि तुम्ही करता ते रेशनकार्डाचं, दाखल्यांचं काम मात्र कुठेच नसतं. ते पहिल्या उद्देशात लिहा.