लहान गावातला पंक रॉक बँड सुरुवातीला कसा असतो? नुसता धिंगाणाच असतो का?

धिंगाणा असतोच. पंक रॉक म्हणजे मुळात साधं, वेगवान आणि कर्कश रॉक संगीत. मी चार वर्षं अशा एका बँडमध्ये गिटार वाजवली आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो की त्यातला निम्मा धिंगाणा वाजवायला जागा नसल्यामुळे होतो.

ड्रमचा आवाज तीन-चार घरं सहज ओलांडतो, आणि लहान गावात तो कोणाच्या घरातून येतोय हे सगळ्यांना माहीत असतं. आम्ही चौघांनी एका मित्राच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम सुरू केली. पत्र्याखाली आवाज घुमतो. गायकाला स्वतःचं काही ऐकू यायचं नाही म्हणून तो ओरडायचा, तो ओरडला की मी अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, वाढवायचो, आणि मी वाढवला की ड्रमर आणखी जोरात बडवायचा. पुढे लोक ज्याला आमची शैली म्हणायला लागले, ती अशी तयार झाली. अँप जमिनीवर असला की त्याचा आवाज गुडघ्यांवर जातो. खुर्चीवर ठेवून कानाच्या दिशेने जरा तिरका केला की निम्म्या आवाजात काम होतं. हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तुम्ही बँड काढणार असाल तर पहिल्या दिवशीच करा.

वाजवता कितपत येत होतं? मला पॉवर कॉर्ड यायचे, बस. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर; पॉवर कॉर्डला दोन बोटं आणि दोनच सूर, सा आणि प. याला लोक कच्चेपणा समजतात, ते मला पटत नाही. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणं, लावल्यावर गंधारासकट पूर्ण कॉर्ड गढूळ होतो, नुसता सा-प मात्र टणक राहतो. या संगीताला तोच आवाज हवा असतो. जानेवारी १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या ‘साइडबर्न्स’ या हौशी मासिकाने ए, ई आणि जी अशा तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या आणि खाली लिहिलं, आता बँड काढा. मी ते अक्षरशः मनावर घेतलं होतं.

पहिला कार्यक्रम एका हॉलमध्ये ठरला होता. त्याच दिवशी सकाळी हॉलवाल्यांनी नकार कळवला. मग शेडमध्येच वाजवायचं ठरलं. तीसेक जण आले, निम्मे बाहेर उभे. दुसऱ्याच गाण्यात बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकायला लागला, तेव्हा एक मैत्रीण त्याला पाठ लावून खाली बसली आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. तिच्या पाठीला प्रत्येक ठोका लागत होता. माझी तार तुटली, उजव्या हाताची बोटं सोलवटली आणि गिटारच्या पांढऱ्या पट्टीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडाले. समोर धक्काबुक्की चालू होती, पण कोणी पडलं की चार हात लगेच त्याला उचलायचे. हा नियम आम्ही कोणाला सांगितला नव्हता. सातवं गाणं चालू असताना कोणीतरी मेन स्विच ओढला. अँप गेले, माइक गेला. ड्रमला वीज लागत नाही! ड्रमर थांबला नाही, आणि अंधारात तीस जणांनी धृपद ओरडून गाणं पुरं केलं.

जागा नाही म्हणून काहीतरी जुळवायचं, हे या संगीतात पहिल्यापासून आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ‘द सेंट्स’ या बँडने आपल्या राहत्या घरालाच ‘क्लब ७६’ केलं आणि १९७६ मध्ये पहिली रेकॉर्ड स्वतःच्या खर्चाने काढली, ५०० प्रती. अमेरिकेतल्या माँटेसानो या तीन-चार हजार वस्तीच्या गावात ‘मेल्विन्स’ हा बँड १९८३ च्या उन्हाळ्यात एका सुपरमार्केटमागच्या मोकळ्या जागेत वाजवत होता. ऐकणाऱ्यांत कर्ट कोबेन नावाचा एक मुलगा होता. पुढे ‘निर्वाणा’ हा जगप्रसिद्ध रॉक बँड त्याने काढला. मोठ्या शहरात कदाचित तो दुसरीकडे कुठेतरी गेला असता. तिथे त्या संध्याकाळी ऐकायला तेवढंच होतं.

आता तुमच्या प्रश्नातला ‘नुसता’ हा शब्द. मोडतोड मला कधीच आवडली नाही. त्या रात्री दारू प्यायलेल्या एकाने शेजाऱ्यांची खिडकी फोडली. ती व्यक्ती आमच्या ओळखीची नव्हती, तरी काच आम्ही चौघांनी भरून दिली, कारण गर्दी आमच्यामुळे जमली होती. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या काकांकडे गेलो. मेन स्विच त्यांनीच ओढला होता, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलंही. आईला झोप लागत नव्हती, म्हणाले. आम्ही विचारलं, कधी वाजवलं तर चालेल? त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, पाच ते सात, रविवार सोडून.

पुढची दोन वर्षं आम्ही त्याच वेळेत वाजवलं. आमची बरीचशी गाणी त्या दोन तासांतलीच आहेत.