वाचक विचारतात: लिंक्डइनवर नावाखालची ओळ

प्रश्न: चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं क्वालिटीत आहे. हेडलाइनमध्ये हुद्दा आणि कंपनीचं नाव आपोआप आलंय, त्यापुढे मी 'उत्तम संधीच्या शोधात' असं जोडलं. तरी भरती करणाऱ्यांकडून विचारणा नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, चाकण

उत्तर: हेडलाइन, म्हणजे नावाखालची ती ओळ, फक्त तुमच्या प्रोफाइलवर राहत नाही. शोधयादीत, कमेंटशेजारी, ओळखीच्या विनंतीतही नावासोबत तीच दिसते. मर्यादा २२० अक्षरांची आहे, पण मोबाइलवरच्या यादीत ती बरीच आधी कापली जाते. म्हणून पहिल्या चाळीसेक अक्षरांत तुमचं काम कळलंच पाहिजे.

भरती करणारा माणूस 'उत्तम संधी' असं टाकून शोधत नाही. तो पदाचं नाव टाकतो आणि जोडीला एखादं कौशल्य. त्यामुळे तुम्हाला हव्या त्या पदाच्या दहा-पंधरा जाहिराती समोर ठेवा आणि वारंवार येणारे शब्द कागदावर उतरवा. त्यातले जे काम तुम्ही स्वतः केलंय तेवढेच ठेवा. 'ऑफिसर ग्रेड २' यासारखा कंपनीपुरता हुद्दा बाहेर कुणी शोधत नाही. त्याऐवजी बाजारात चालतं ते नाव द्या. नमुना असा (पीपीएपी म्हणजे सुट्या भागाला ग्राहकाची मंजुरी मिळवण्याची प्रक्रिया, सीएमएम म्हणजे मापं तपासणारं यंत्र, ८डी म्हणजे दोषाचं मूळ शोधून तो दूर करण्याची पद्धत, आयएटीएफ १६९४९ म्हणजे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक):

क्वालिटी इंजिनिअर, मशीनिंग | पीपीएपी, सीएमएम, ८डी | आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर

शेवटचा तुकडा प्रमाणपत्र हातात असेल तरच लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. 'रिजेक्शन निम्म्यावर आणलं' असा आकडा घालायचा असेल तर कोणता भाग, किती महिने आणि त्यात तुमचा वाटा कोणता, हे तोंडावर सांगता यायला हवं. ग्राहक कंपनीचं नाव आणि तिची पीपीएम (दर दहा लाख नगांमागे सदोष नग) मात्र उघड्यावर मांडू नका. ती माहिती तुमची नाही.

नोकरी शोधताय हे कळवायला 'ओपन टू वर्क'ची वेगळी सोय आहे. त्यात 'फक्त रिक्रूटर' हा पर्याय घेतला की फोटोभोवती हिरवी चौकट येत नाही. सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ही गोष्ट लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण तशी हमी देत नाही, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न: बी.कॉम. आहे. २०१९ पर्यंत आठ वर्षं अकाउंट्स सांभाळले, नंतर घरच्या जबाबदारीमुळे थांबले. आता हेडलाइनमध्ये 'गृहिणी' लिहू की 'पुन्हा कामाच्या शोधात'?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही नको, ताई. 'अकाउंटंट' लिहा. आठ वर्षांचं काम खंडामुळे पुसलं जात नाही. मधल्या काळासाठी अनुभवाच्या भागात 'करिअर ब्रेक'ची वेगळी नोंद करता येते; लिंक्डइनने ही सोय २०२२ मध्ये आणली. ती तिथे प्रामाणिकपणे करा.

अडचण आहे ती जुन्या शब्दांची. तुम्ही काम सोडलंत तेव्हा टॅली ईआरपी ९ होतं. २०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम आलं. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना इतर व्यवसायांना केलेल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं झालं, त्यामुळे मध्यम पेढ्याही त्याबद्दल विचारतात. आधी या दोन्हींचा सराव करा, मगच ते शब्द चढवा. तोवर एवढं पुरे (जीएसटीआर-१ व ३बी म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं, बँक रिकन्सिलिएशन म्हणजे आपल्या आणि बँकेच्या नोंदींचा मेळ):

अकाउंटंट, ८ वर्षं | जीएसटीआर-१ व ३बी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन

प्रश्न: ठळक, वळणदार अक्षरं आणि इमोजी घातले तर लक्ष वेधेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बाहेरच्या साइटवरून चिकटवलेली ती इंग्रजी 'ठळक' अक्षरं प्रत्यक्षात गणिती चिन्हं असतात. साधी अक्षरं टाकून शोधणाऱ्याला ती सापडतीलच असं नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ती वेडीवाकडी वाचतो किंवा गाळतो. साधी अक्षरं आणि तुकड्यांमध्ये उभी रेघ पुरते. आपल्याकडच्या भरतीचा शोध बहुतेक इंग्रजीतून होतो, तेव्हा वरचे नमुने इथे मराठीत दिले असले तरी मुख्य ओळ इंग्रजीतच ठेवा.