मॅसॅच्युसेट्समध्ये घरामागे डेक (लाकडी ओटा) बांधायला गावाच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनची, म्हणजे निसर्गसंरक्षण मंडळाची, परवानगी का लागते?

बहुधा तुमच्या अंगणाजवळ पाणथळ जागा असेल. राज्याच्या कायद्यानुसार तिच्यापासून १०० फुटांच्या आतलं खोदकाम-बांधकाम सहसा आधी या मंडळापुढे न्यावं लागतं. बारमाही नदीकाठी ही हद्द बहुतेक गावांत २०० फूट आहे.

१९५७ च्या कायद्यामुळे गावांना अशी मंडळं नेमता आली. सदस्य तीन ते सात, गावातलेच आणि सहसा बिनपगारी. नोकरी सांभाळून हे लोक संध्याकाळी सुनावणीला बसतात, शिवाय तुमच्या अंगणात येऊन उतार, माती, झाडं स्वतः बघून जातात. गावाच्या मालकीची राखीव रानंही तेच सांभाळतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. पुराचं पाणी जिरवणारी आणि विहिरीचं पाणी गाळून देणारी जमीन त्यांच्यामुळे टिकते.

कंत्राटदार ठरवण्याआधीच कमिशनच्या कार्यालयात नकाशा घेऊन जा. काम छोटं असेल तर पूर्ण अर्जाऐवजी ‘कायदा इथे लागू होतो का’ एवढंच विचारणारा सोपा अर्ज असतो, त्याची सुनावणी २१ दिवसांत होते. काही गावांचे स्वतःचे नियम राज्यापेक्षाही कडक असतात, तेही तिथेच विचारा.