हेलेना स्वेरिसदोत्तिर: कारकिर्दीचे आकडे एका रकान्यात का बसत नाहीत

प्रश्न असा आहे: आइसलंडची बास्केटबॉलपटू हेलेना हिच्या आइसलंड, टेक्सस आणि युरोपातल्या सगळ्या सामन्यांची मिळून एकच सरासरी काढायची, तर कशी? माझं मत, काढूच नका. प्रत्येक टप्पा वेगळा ठेवा.

टप्पे असे पडतात. आइसलंडमधल्या हाफ्नारफ्योर्दुरच्या हौकार क्लबकडून सुरुवात, २००६ आणि २००७ ची राष्ट्रीय विजेतेपदं. २००७ ते २०११ फोर्ट वर्थची टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. मग स्लोव्हाकियातलं कोशित्से, हंगेरीतलं मिश्कोल्त्स, पोलंडमधलं पोल्कोवित्से. २०१५ मध्ये परत हौकार, २०१८ मध्ये थोडा काळ पुन्हा हंगेरी, त्यानंतर आइसलंडचाच वालुर क्लब, आणि २०२१ पासून शेवटपर्यंत हौकार.

खरी गोची नियमांत आहे. तिच्या काळात अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा बास्केटपासून ६.०२ मीटरवर होती. आंतरराष्ट्रीय रेषा २०१० पर्यंत ६.२५ आणि नंतर ६.७५. म्हणजे २०११ मध्ये कोशित्सेला पोचली तेव्हा तोच फटका तिला ७३ सेंटिमीटर मागून मारायचा होता. टक्केवारी शेजारीशेजारी लावून ‘फॉर्म गेला’ म्हणणारे हे हमखास विसरतात. शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू हाती आल्यावर फटका मारायला मिळणारा वेळ, तोही ३० सेकंदांवरून २४ वर आला. शिवाय कॉलेजमध्ये चेंडू मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे नेण्याला महिलांसाठी तेव्हा वेळेचं बंधनच नव्हतं, युरोपात मात्र ८ सेकंद. हेलेना १८४ सेंटिमीटर उंच, तरी चेंडू वर आणून चाली रचणारी. तेव्हा हा फरक तिला इतरांपेक्षा जास्त लागू होतो.

सामना दोन्हीकडे ४० मिनिटांचाच, म्हणून तुलना करायचीच असेल तर गुण ÷ खेळलेली मिनिटं × ४० असं करा. समजा २४ मिनिटांत १२ गुण, तर ४० मिनिटांना २०. नेमबाजीची टक्केवारी मात्र या हिशेबात ओढू नका, रेषेचा फरक त्याने भरून निघत नाही.

विजेतेपदं मोजताना आणखी एक घोळ होतो. आइसलंडमध्ये साखळी फेरीत पहिला येणारा लीग विजेता वेगळा आणि प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, जिंकणारा राष्ट्रीय विजेता वेगळा. कप ही तिसरीच स्पर्धा. वालुरने २०१९ मध्ये तिन्ही जिंकले, त्यामुळे एकाच हंगामापुढे तीन नोंदी दिसल्या तर त्या चुकून दोनदा पडल्या म्हणून खोडू नका. २०२१ मध्ये वालुरबरोबर तिने पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

‘वर्षातली सर्वोत्तम खेळाडू’ १२ वेळा, हा आकडा बरोबर आहे. फक्त तो लीगचा पुरस्कार समजू नका. बास्केटबॉल महासंघ तो आइसलंडच्या खेळाडूला देतो, ती परदेशात खेळत असली तरी. म्हणून टेक्ससमधली वर्षंही त्यात येतात.

नावाचं तेवढं सांभाळा. स्वेरिसदोत्तिर म्हणजे ‘स्वेरिरची मुलगी’, आडनाव नव्हे. तिची बहीण गुद्ब्योर्गही वालुरकडूनच खेळायची, त्यामुळे त्या वर्षांत नुसतं ‘स्वेरिसदोत्तिर’ शोधलंत तर दोघींचे गुण एकत्र होतील. शोध ‘हेलेना’ वर घ्या, आइसलंडमध्येही माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात.

राष्ट्रीय संघाचे ८१ सामने स्वतंत्र रकान्यात. पहिला २००२ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी. गुडघ्यामुळे तिने नोव्हेंबर २०२३ मध्ये खेळ थांबवला. म्हणून २०२३-२४ ची ओळ अर्धवटच राहणार, तिच्यापुढे सामन्यांची संख्या जरूर लिहा.